रिकाम्या गाडीचं वजन

माझा वजनकाटा वीस-वीस किलोंच्या पायऱ्यांनी चढतो.
विसाच्या आत कुणाचं काय घडलं, काय बिघडलं
त्याचं त्याला सोयरसुतक नाही.
सस्कॅचेवानमधल्या या धान्यकोठाराच्या खिडकीत
मी अकरा वर्षं बसून आहे.
आधी भरली गाडी, मग रिकामी,
मधला फरक म्हणजे मसूर.
आकडा वाचायचा, पावती फाडायची.

ओरेस्ट पावलिकची गाडी रिकामी:
सतरा हजार तीनशे चाळीस.
टाकी भरलेली, तो आत बसलेला.
मान वर न करताही मी लिहिलं असतं.

गेल्या जानेवारीत, उणे एकतीसमध्ये,
रांगेत पुढे सात गाड्या असताना
तो खाली उतरला आणि स्वतःच्या ट्रकभोवती फिरू लागला.
वाटलं, टायर बघतोय.
मग वाटलं, काहीतरी हरवलंय.
पाचव्या फेरीला मी कॉफी खाली ठेवली.
नवव्या फेरीला मागच्या पोरांनी हॉर्न वाजवून चेष्टा केली.
त्याने टोपीला हात लावला
आणि चालत राहिला, धापा टाकत,
नाकातून वाफ, इंजिन बंद.

"एकोणीस फेऱ्यांचा एक किलोमीटर," पावती घेताना म्हणाला.
मिशीवर बर्फ.
"डॉक्टरीणबाईंना सांगितलं, वेळ कुठाय?
चौदा तास रस्ता, उरली झोप.
तर म्हणते, रांगेत किती वेळ उभे असता?"

मी म्हटलं, बरं.

सुगीत रांग हमरस्त्यापर्यंत जायची
आणि तो खूश व्हायचा. बाकीचे मला शिव्या द्यायचे.
मध्येच तीन आठवडे उतरलाच नाही.
भाऊ गेला होता, यॉर्कटनला.
चौथ्या आठवड्यात उतरला, दोनच फेऱ्या मारल्या,
पुढच्या चाकाला टेकून उभा राहिला बराच वेळ.
मी त्याचा नंबर पुकारला नाही. मागच्यांना थांबवलं.

त्याची बायको लेस्या अजून तेवढ्याच पेरोगी करते,
बटाट्याच्या, वर परतलेला कांदा, आंबट साय.
चाळीस वर्षांचा हात, त्याला कमी करणं जमत नाही.
अर्धा डबा तो माझ्या खिडकीत ठेवतो.
"तुझ्यावर काही बंधन नाही ना, ग्लेनिस?"
मला नाही म्हणवत नाही.
तर त्याचं जे कमी होत गेलं
त्यातलं थोडं कुठे गेलं, ते मला ठाऊक आहे.

परवा गाडी रिकामी करून आला.
सतरा हजार तीनशे वीस.
मी काच पुसली. आकडा तोच.
माइकवर विचारलं, टाकी अर्धी आहे का?
काठोकाठ, म्हणाला.
स्टेपनी?
आहे की.
साखळ्या, फावडं, ताडपत्री?
सगळं जागच्या जागी.
मग आम्ही दोघेही गप्प झालो.
तो बाहेरच्या लाल आकड्यांकडे बघत बसला,
मागचा हॉर्न वाजेपर्यंत.
खिडकीशी येऊन एवढंच म्हणाला,
"पावतीची आणखी एक प्रत देशील?
लेस्याला दाखवीन. समजणार नाही तिला. तरी."

संध्याकाळी शेवटची गाडी गेली.
दिवे मालवायच्या आधी मी बाहेर आले,
वीस मीटर लांबीच्या त्या लोखंडी पाटावर
एकटीच उभी राहिले.
ऐंशी.
जरा हलले: शंभर.
पुन्हा ऐंशी. त्याचं ठरत नव्हतं.
हातातला डबा खाली बर्फात ठेवून बघितला,
तरी शंभर, मग ऐंशी, मग शंभर.

थंडी मी म्हणत होती.
पाटाभोवती एक फेरी किती पावलांची
हे अकरा वर्षांत मला माहीत नव्हतं.
मोजायला लागले. सत्तरच्या पुढे कुठेतरी चुकले,
किल्ल्या खिशात वाजत होत्या,
पुन्हा एकपासून सुरू केलं.